रोमच्या सरहद्दीवरची बारनिशी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

परवा कट्ट्यावर नेहमीप्रमाणे राजकारणावरून गाडी इतिहासावर गेली. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "राज्य असावं तर रोमनांसारखं. रस्ते, शिस्त, कायदा. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी जे केलं ते आपल्याला आज जमत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण रोमन राज्य जिथे संपत होतं, त्या अगदी टोकाच्या मुलखात रोजचा कारभार कसा चालायचा याचे कागद आज उपलब्ध आहेत. ते मी गेली काही वर्षं जमेल तसे वाचतोय. त्यात रस्ते आहेत, शिस्त आहे, कायदाही आहे. पण तो कायदा कुणासाठी होता, ही गोष्ट वेगळी आहे. तीच आज सांगायची आहे.

मी 31 वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. बारनिशी, मस्टर, रजेचे अर्ज, पोचपावत्या यात आयुष्य गेलं. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझं लक्ष राजांपेक्षा कारकुनांकडे जास्त जातं. तर अशाच काही कारकुनांची ही हकिकत.

ठिकाण उत्तर इंग्लंडमधलं, नाव विंडोलांडा. सम्राट क्लॉडियसच्या फौजा इ.स. 43 मध्ये ब्रिटनमध्ये उतरल्या. पुढच्या चाळीसेक वर्षांत त्या उत्तरेकडे सरकत गेल्या आणि इ.स. 85 च्या सुमारास विंडोलांडाला लाकडी तटबंदीचं ठाणं उभं राहिलं. पुस्तकांत फोटो असतो ती हेड्रियनची प्रसिद्ध भिंत त्यानंतरची. तिचं काम इ.स. 122 मध्ये सुरू झालं. म्हणजे आपण बोलतोय ते भिंतीच्याही आधीच्या सरहद्दीबद्दल. पाऊस, चिखल, गार वारा आणि पलीकडे न जिंकलेला मुलूख.

1973 मध्ये रॉबिन बर्ली नावाचे पुरातत्त्वज्ञ तिथे पाणी काढून देण्यासाठी चर खणत होते. चिखलात लाकडाच्या पातळ ढलप्या सापडल्या. सुताराच्या रंध्यातून पडतात तशा. दोन ढलप्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या अलग केल्या तर आत शाईने लिहिलेलं! हवा लागताच ती अक्षरं फिकट होऊन गेली. पुढे इन्फ्रारेड फोटो काढल्यावर पुन्हा दिसू लागली. तेव्हापासून आजवर अशा सतराशेच्या आसपास पाट्या निघाल्या आहेत. पाटी म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी, जेमतेम एक ते तीन मिलिमीटर जाडीची, मधे दुमडलेली. लिपी रोमनच, पण भरभर लिहिलेली, एकात एक गुंतलेली. आपल्याकडे ज्यांनी मोडी कागद डोळ्यांसमोर धरलेत, त्यांना ते वाचणाऱ्यांचे हाल कळतील.

या पाट्या कुणी जपून ठेवलेल्या नव्हत्या. तो कचरा होता. पलटण दुसरीकडे निघाली तेव्हा कागदपत्रांचा ढीग करून पेटवलेला. काही पाट्या अर्धवट जळाल्या, बाकीच्या ओल्या जमिनीत हवा न लागता गाडल्या गेल्या म्हणून टिकल्या. म्हणजे रद्दी नीट जळाली नाही, म्हणून आपल्याला हा इतिहास मिळाला.

आता आत काय आहे ते बघा.

पहिली पाटी म्हणजे चक्क मस्टर. तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीचं, तारीख 18 मे, साल इ.स. 90 च्या दशकातलं. पटावर एकूण माणसं 752. त्यांपैकी हजर किती? 296! उरलेली 456 बाहेर. 337 जण शेजारच्या कोरिया नावाच्या ठाण्यात (आजचं कॉर्ब्रिज), 46 जण सुभेदाराच्या रक्षकदलात, एक शतपती लंडनला, बाकीचे असेच इकडेतिकडे. हजर 296 पैकी 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. कामाला लायक माणसं 265. कट्ट्यावरच्या त्या रोमन शिस्तीचं हे सरहद्दीवरचं रूप. साम्राज्याच्या टोकाला 752 च्या पलटणीत लढू शकणारी माणसं 265. पण एक मान्य करायला हवं, मस्टर खरं आहे. कारकुनाने आजारी माणूस हजर दाखवलेला नाही. आमच्या पेशातल्या माणसाला एवढ्यावरूनही आदर वाटतो.

रोजचे अहवालही आहेत. नेमून दिलेली माणसं आपापल्या जागी आहेत, सामानसुमान ठीक आहे, एवढंच. आमच्या भाषेत सांगायचं तर 'निरंक' अहवाल. रजेचे अर्ज आहेत, दहा-बाराच्या आसपास. सगळ्यांचा मसुदा एकच: साहेब, आपण मला रजेस पात्र समजावं ही विनंती. अर्जाची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

मग व्यापाऱ्यांची पत्रं. ऑक्टेव्हियस नावाचा माणूस कँडिडसला लिहितो की पाच हजार माप धान्य घेतलंय, निदान 500 दिनार तातडीने पाठव. नाहीतर 300 दिनारांचा इसार बुडेल आणि चारचौघांत मान खाली जाईल. कातडी दुसऱ्या गावी पडून आहेत, आणायला गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत. बघा, रोमन रस्ते! पक्क्या रस्त्यांचं कौतुक खरंच आहे, पण उत्तरेच्या पावसात जनावरांना त्रास नको म्हणून गाडी थांबवणारा माणूसही तितकाच खरा आहे.

कुणालातरी घरून मोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याची नोंद एका पत्रात आहे. मॅस्क्लस नावाचा घोडदळाचा नायक साहेबांना विचारतो की उद्या काय करायचं त्याचा हुकूम द्यावा, आणि जाता जाता कळवतो की पोरांकडची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था व्हावी. एका यादीत बाजारहाट आहे: चांगली दिसली तर 100 सफरचंदं, रास्त भावात मिळाली तर 100 किंवा 200 अंडी. ही यादी लिहिणारा माणूस आपल्यालाही भाजी आणताना पिशवी तपासून घेतली असती असाच.

एका उधारीच्या यादीत गँबॅक्स नावाच्या शिपायापुढे लिहिलंय: मिरी, दोन दिनार. इथे मी थबकलो. मिरी तिथे पिकत नाही. ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजात चढायची, तांबड्या समुद्रातून इजिप्तला, तिथून भूमध्य समुद्र ओलांडून ब्रिटनच्या त्या चिखलात. त्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात पैठण आणि तेर यांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा असं तो लिहितो. म्हणजे आपला दख्खनही याच जाळ्याला जोडलेला होता. गँबॅक्सला हे काही माहीत असायचं कारण नाही. त्याला फक्त उधारी माहीत होती.

बायकांचीही पत्रं आहेत. त्यांतलं एक जगप्रसिद्ध आहे. क्लॉडिया सेव्हेरा ही जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याची बायको. ती विंडोलांडाच्या पलटणप्रमुखाच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, 11 सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावते. पत्राचा मजकूर कारकुनाच्या वळणदार अक्षरात आहे. खाली मात्र तिने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत. अक्षर जरा अडखळतं, पण मजकूर जिव्हाळ्याचा. वाट बघते, बहिणी, ये. बाईच्या हातची लॅटिन अक्षरं आज जी सापडतात, त्यांतली ही सगळ्यात जुन्यांपैकी. वर्ष साधारण इ.स. 100. त्या ओल्या, परक्या मुलखात दोन बायकांना एकमेकींचा केवढा आधार असेल, ते त्या चार ओळींत दिसतं.

साध्या शिपायाला मात्र कायद्याने लग्न करायची मुभा नव्हती. ती बंदी पुढे शंभर वर्षं राहिली. तरीही उत्खननात हजारोंनी चामड्याचे जोडे सापडले, त्यांत बायकांचे आहेत, रांगत्या पोरांचेही आहेत. कागदावर कुटुंब नाही आणि उंबऱ्यापाशी लहानग्याचा जोडा. नियम आणि संसार यांचं नातं हे असंच असतं. साहेबांच्या घरात एका मुलाने बहुधा शिकवणीत व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ गिरवली आहे. तिच्यापुढे दुसऱ्या अक्षरात शेरा आहे, तो अभ्यासक 'आळशीपणे लिहिलंय' असा लावतात.

इथवर वाचून तुम्हाला ही माणसं आपलीशी वाटू लागली असतील. मलाही वाटली. आता प्रश्न असा की ही माणसं होती कोण?

रोमची नव्हती. इटलीचीही क्वचितच. लेपिडिनाचा नवरा फ्लेवियस सेरियालिस हा बाटावियन पलटणीचा प्रमुख. बाटावियन म्हणजे ऱ्हाईन नदीच्या मुखाजवळचे, आजच्या नेदरलँड्समधले लोक. त्यांच्याशी रोमचा करार होता की कर नको, माणसं द्या. याच लोकांनी इ.स. 69-70 मध्ये रोमविरुद्ध मोठं बंड केलं होतं. ते मोडणाऱ्या सेनापतीचं नाव पेटिलियस सेरियालिस. या पलटणप्रमुखाचं नाव त्याच सेनापतीवरून पडलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे त्याचं घराणं बंडात रोमच्या बाजूने राहिलं आणि बक्षीस म्हणून नागरिकत्व मिळालं. त्याच्या हाताखालच्या काही शिपायांचे बाप कदाचित बंडाच्या बाजूने लढले असतील. तीस वर्षांनी सगळेच रोमच्या वतीने तिसऱ्याच लोकांवर पहारा देत होते. 25 वर्षं नोकरी केली की शिपायालाही नागरिकत्व मिळायचं, त्याचा ब्राँझचा दाखला मिळायचा. काल जिंकलेल्यांनी आज दुसऱ्याला जिंकायचं आणि उद्या त्या बदल्यात स्वतः रोमन व्हायचं. साम्राज्य चालायचं ते असं.

मग ज्यांची ती जमीन होती ते स्थानिक ब्रिटन लोक या सतराशे पाट्यांत कुठे आहेत?

हे शोधताना माझ्या हाती फार थोडं लागलं. एक टिपण आहे, त्यात लिहिलंय की ब्रिटनांच्या अंगावर चिलखत नसतं, त्यांचे घोडेस्वार पुष्कळ असतात, ते तलवारी वापरत नाहीत. तिथे त्यांच्यासाठी एक शब्द वापरलाय, 'ब्रिटुंक्युली'. अर्थ साधारण 'हे फडतूस ब्रिटनडे'. साहेबी दप्तरात सहज लिहिलेला शब्द. शिवी देतोय असंही लिहिणाऱ्याला वाटलं नसेल.

दुसरी नोंद विंडोलांडाची नाही, इटलीतल्या एका शिलालेखातली आहे. हेटेरियस नेपोस नावाच्या अधिकाऱ्याने कोणकोणती पदं भूषवली याची ती यादी. त्यात एक पद आहे, अनाव्हियन ब्रिटनांची मोजदाद करणारा. आजच्या दक्षिण स्कॉटलंडमधले हे लोक. खानेसुमारी कशासाठी करतात हे सरकारी नोकराला सांगायला नको. कर आणि भरती. त्या मोजदादीत आलेल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला त्या शिलालेखातून कळत नाही. अधिकाऱ्याचं कळतं.

आणि एक बाई. रेजिना. हिची समाधी भिंतीच्या पूर्व टोकाजवळ, साउथ शील्ड्सला सापडली. काळ थोडा पुढचा, दुसरं शतक. ही दक्षिण ब्रिटनमधल्या कातुव्हेलौनी जमातीची. गुलाम होती. सीरियातल्या पाल्मायरा शहराहून आलेल्या बाराटेस नावाच्या माणसाने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती वारली. त्याने तिच्यासाठी दगडात सुंदर प्रतिमा कोरून घेतली, खुर्चीत बसलेली, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. लॅटिन मजकुराखाली त्याने स्वतःच्या मायबोलीत, पाल्मायराच्या लिपीत, एक ओळ घातली आहे. तिथे ती वाचणारे किती असतील? पण दुःख त्याला त्याच भाषेत करायचं होतं. त्याचं प्रेम खरं होतं, यात मला शंका वाटत नाही. तरी हेही खरं की या ब्रिटन बाईचं नाव आपल्याला कळलं ते तिला आधी विकत घेतलेल्या, बाहेरून आलेल्या माणसामुळे.

आता मूळ मुद्द्याची पाटी. मला झोप लागू दिली नाही ती हीच.

हा अर्जाचा कच्चा मसुदा आहे. लिहिणारा धान्याच्या व्यवहारातला माणूस. त्याचे गव्हाचे हिशेब पाटीच्या एका बाजूला आहेत: अमक्याला इतकं, बापाला बैलांसाठी इतकं, पाव करायला इतकं. दुसऱ्या बाजूला त्याने तक्रार लिहायला घेतली आहे. कुणीतरी त्याला मारहाण केली, त्याच्या मालाची नासाडी केली. छड्यांनी रक्त येईपर्यंत मारलं. तो पलटणप्रमुखाकडे गेला, पण प्रमुख आजारी. खालच्या अधिकाऱ्याकडे गेला, शतपतींकडे गेला. उपयोग झाला नाही. म्हणून तो आता फार वरच्या माणसाकडे दाद मागतोय, कदाचित थेट सम्राट हेड्रियनकडे, जो इ.स. 122 मध्ये ब्रिटनला आला होता.

इथवर ही कुठल्याही काळातली तक्रार आहे. साहेब रजेवर, खालचे टोलवतात, सामान्य माणूस चपला झिजवतो. पण त्याचा युक्तिवाद बघा. तो म्हणतो, मी निरपराध आहे, आणि मी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे. मला गुन्हेगारासारखं छड्यांनी मारू नये.

समुद्रापलीकडून आलेला. म्हणजे इथला नव्हे.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मार खाल्लेला माणूस न्याय मागतोय आणि त्यासाठी आधी सांगतोय की मी या स्थानिकांपैकी नाही हो. त्याला ठाऊक होतं की वाचणाऱ्याला हे लगेच पटेल. इथल्या माणसाला असं मारलं असतं तर? त्यात तक्रार करण्यासारखं काय, असंच बहुधा त्याच्यासह सगळ्यांना वाटत असणार. आणि म्हणूनच सतराशे पाट्यांत मार खाल्लेल्या स्थानिक माणसाचा एकही अर्ज नाही. मार खाल्ला नसेल असं नाही. त्याला ना लॅटिन येत होतं, ना दाद मागायची जागा.

आमच्या खात्यात एक अलिखित नियम असायचा: ज्याचा अर्ज नाही, त्याची तक्रार नाही. मीही तो पाळला. एकदा एक म्हातारी आली होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. वारसनोंदीचं काम होतं. तोंडी सगळं सांगत होती, नीट सांगत होती. मी म्हटलं, "मावशी, लेखी आणा." ती म्हणाली, "कोन लिहून देनार, दादा?" मी म्हटलं, "बाहेर बसतात लिहिणारे." मग दुसऱ्या फाइलला लागलो. ती परत आली नाही. माझ्या बारनिशीत त्या दिवशीचे सगळे अर्ज नोंदलेले आहेत, क्रमांकासकट. ती बाई त्यात नाही. उद्या कुणी ते रजिस्टर उकरून काढलं, तर म्हणेल की कारभार चोख होता. आणि ते खोटंही नसेल.

म्हणून कट्ट्यावरच्या आमच्या ज्येष्ठांना मी हे सांगेन. दादा, रोमनांचे रस्ते होते, शिस्त होती, मस्टर तर आमच्यापेक्षा खरं होतं. त्या माणसांना मोजे लागत होते, बिअर लागत होती, मैत्रिणीच्या वाढदिवसाची ओढ होती. ते राक्षस नव्हते. पण राज्य कसं होतं हे ठरवायचं असेल, तर ज्यांनी पाट्या लिहिल्या त्यांच्यावरून ठरवू नका. त्या ठाण्यात धान्य, कातडी, बैल कुणाच्या शेतातून आले, आणि त्याला कुणी मारलं तर तो कुणाकडे गेला, हे विचारा. रोमबद्दल विचारा, आणि आपल्या गावच्या कचेरीबद्दलही विचारा. आपण कौतुक करतो ते राज्य बहुतेक वेळा अर्ज लिहिता येणाऱ्यांनी अनुभवलेलं असतं.

त्या व्यापाऱ्याच्या तक्रारीचं पुढे काय झालं? उत्तर सापडलेलं नाही. आपल्याकडे आहे तो फक्त कच्चा मसुदा, तोही कचऱ्यात पडलेला.

पोस्ट लांबली, माफ करा. तुमच्यापैकी कुणी इंग्लंडात राहत असेल आणि विंडोलांडाला गेला असाल तर तिथलं अवश्य लिहा. तिथे आजही खोदकाम चालू असतं. आणि आपल्या कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांचे जुने अर्ज, पावत्या, मोडी कागद असतील तर रद्दीत देऊ नका. आधी एकदा वाचा, आणि त्यात कुणाचं नाव नाही तेही बघा.